थोरलीच्या गोठ्यातली शाळा

शाळेचे पत्रे उडाले तो सुट्टीचा दिवस होता म्हणून निभावलं. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी माळावरून वावटळ उठली आणि नेमकी शाळेवर येऊन बसली. एक पत्रा तळ्यात सापडला, एक न्हाव्याच्या अंगणात उभा रुतला, आणि बाकीचे कुठे गेले ते त्या आठवड्यात ज्यांची कोंबड्यांची खुराडी नवी झाली त्यांनाच माहीत. शाळेच्या नुसत्या भिंती उरल्या. वरून ऊन असं ओतायचं की फळ्याला हात लावला तर चटका बसायचा.

नवे पत्रे मंजूर झाले होते, म्हणजे ते पावसाळ्यानंतर येणार हे गावाने ओळखलं. पण वार्षिक परीक्षा तोंडावर आली होती आणि पोरांना कुठेतरी सावलीत बसवणं भाग होतं. गावात सगळ्यांचीच घरं बेताची. लांबरुंद, उंच आणि निम्मं रिकामं असं एकच छप्पर होतं, ते गवळ्याच्या गोठ्याचं. त्या वर्षी चारा मिळेना म्हणून त्याने भाकड जनावरं नदीकाठच्या पाहुण्यांकडे धाडली होती.

गावातले चार जाणते लोक त्याच्याकडे गेले. गवळी अंगापिंडाने दांडगा. उधळलेल्या रेड्याला शिंगाला धरून जागेवर आणणारा. मिशी अशी की पेल्यातून दूध पिताना ती हाताने बाजूला करावी लागे. तो नाही म्हणायच्या तयारीत होता, पण 'गुरुजींनीच तुझं नाव सुचवलंय' असं कोणीतरी म्हटलं आणि त्याचे दोन्ही हात आपोआप पाठीमागे गेले. लहानपणी तो याच गुरुजींच्या हाताखाली शिकला होता. शिकला म्हणजे छड्या खाल्ल्या. बायकोला न विचारता त्याने होकार देऊन टाकला.

गवळणीला हे कळलं तेव्हा ती शेण भरत होती. तिने टोपली खाली ठेवली आणि एवढंच विचारलं, "थोरलीला विचारलंत का?"

थोरली म्हणजे म्हैस. दावणीला आणखीही होत्या, पण घर चालायचं ते थोरलीच्या दुधावर आणि हे थोरलीला पक्कं ठाऊक होतं. पाणी आधी तिला, पेंड आधी तिला, वाऱ्याची जागा तिची. धार काढायला तिला गवळीच लागायचा, आणि त्यानेही बसल्याबसल्या सडांना हात घातलेला चालायचा नाही. आधी कपाळ तिच्या पोटाला टेकवायचं, मग पाठीवरून हात फिरवत लाडीगोडी लावायची. "ये माझी बाय, सोड, सोड गं, सावकाश, कोणी मागं लागलंय का आपल्या." घरात हा माणूस मीठसुद्धा ओरडून मागायचा. बायकोला हाक मारली की शेजारची बाई ओ द्यायची. पण थोरलीजवळ बसला की त्याचा आवाज साईसारखा व्हायचा. लग्न झालं त्या वर्षी गवळणीने तो आवाज गोठ्याबाहेरून ऐकला आणि आत दुसरी कोणी बाई आहे असं वाटून ती काठी घेऊन धावली होती, हे ती स्वतःच सांगते.

आता गुरुजी. माणूस वाईट नव्हता हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे कदाचित तसं वाटेल. एकटे राहायचे, हाताने रांधायचे, शाळेला दांडी त्यांनी कधी मारली नाही. पण त्यांचा आवाज म्हणजे गावाची मालमत्ता होती. सकाळी पाढे सुरू झाले की लांबच्या शेतातला माणूस न्याहारीला बसायचा आणि इतिहास सुरू झाला की औत सोडायचा. ओरडल्याशिवाय पोराच्या कानात काही जात नाही, असं त्यांचं पक्कं मत. पोरांना ते हजेरीच्या नंबराने हाक मारत. प्रश्न विचारायचे, एक श्वास घ्यायचे, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर स्वतःच देऊन पुढच्या नंबराकडे वळायचे. गाव यावर खूश होतं. 'आमचे गुरुजी कडक आहेत' असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगत.

गवळ्याची एकुलती एक लेक याच शाळेत जायची. घरात ती ठकी, शाळेत एकोणीस नंबर. एकोणीस नंबर शाळेत बोलत नसे. पाटीवर लिहिलेलं बरोबर असायचं, पण तोंडी परीक्षेला उभी राहिली की ओठ घट्ट मिटायचे. त्यापायी ती एकाच वर्गात पुन्हा बसली होती. गुरुजींनी गवळ्याला बोलावून सांगितलं की पोरीच्या डोक्यात काही शिरत नाही, उगाच वर्षं कशाला घालवतोस. गवळ्याने हात मागे बांधून हो हो केलं आणि घरी येऊन मोठ्या आवाजात जाहीर केलं की यंदाही हिने तोंड उघडलं नाही तर शाळा बंद, गोठ्यात हाताखाली घेईन.  त्या दिवशी जेवताना ठकीचा घास बराच वेळ हातातच राहिला, हे आईने पाहिलं. ठकीला शाळा आवडायची. का आवडायची, हे विचारून उत्तराला थांबायला कोणालाच सवड नव्हती.

तर शाळा गोठ्यात आली. गव्हाणीच्या अलीकडची जागा सारवून घेतली, फळा खांबाला टांगला, नकाशा वैरणीच्या माळ्यावरून खाली सोडला. पोरांची चैन झाली. म्हशीने शेपटी मारली की माशी एकाच्या नाकावरून उठून दुसऱ्याच्या नाकावर बसायची आणि अख्खी ओळ त्यात रमायची. गुरुजींनी पहिल्याच दिवशी नेहमीच्या पट्टीत "सगळे एकसाथ" म्हणून जी आरोळी ठोकली, तिने आढ्यावरची कबुतरं उडाली, पारडू दावं तोडून आईच्या पोटाखाली शिरलं आणि थोरलीने रवंथ थांबवून, मान वळवून गुरुजींकडे पाहिलं. तशी नजर गवळणीने याआधी फक्त आपल्या सासूच्या डोळ्यात पाहिली होती.

दुपारच्या धारेची वेळ शाळा सुटायच्या आत यायची. गवळी बादली घेऊन बसला, कपाळ टेकवलं, लाडीगोडी लावली. पलीकडे गुरुजी सनावळ्या गर्जत होते. थोरलीने पान्हा चोरला. कास टम्म भरलेली, पण तिने दूध वर ओढून धरलं ते धरलंच. ज्यांनी जनावर पाळलंय त्यांना सांगायला नको, म्हशीने एकदा मनात आणलं की हातापाया पडा नाहीतर डोकं फोडा, धार सुटत नाही. गवळ्याचे अंगठे सुजले तेव्हा कुठे बादलीचा तळ ओला झाला.

पुढचे दिवसही तेच. गवळ्याने पेंड बदलली. कोमट पाण्याने कास शेकली. पारडू तोंडापुढे बांधलं. नकाशाचा लाल रंग तिच्या डोळ्यात खुपत असेल म्हणून नकाशावर पोतं टाकलं. गुरुजींना वाटलं पोतं धुळीसाठी असेल, ते भूगोल पोत्यावरच शिकवायला लागले. काठी पोत्यावर टेकवून ही नदी, हा डोंगर, आणि पोरं बिचारी पोत्याचे उसवलेले टाके बघून माना डोलवत होती. तिकडे दुधाची गिऱ्हाइकं रिकामी भांडी घेऊन परत जायला लागली. त्यातली काही धाकट्या आळीतल्या दुसऱ्या गवळ्याकडे वळली, आणि एकदा वळलेलं गिऱ्हाईक परत आणणं किती जिकिरीचं असतं ते गवळ्याला चांगलं माहीत होतं. त्याची झोप उडाली.

गवळण म्हणाली, पेंड नाही आणि पोतं नाही, गुरुजींचा आवाज आहे. सांगा त्यांना. गवळी म्हणाला, सांगतो की, त्यात काय घाबरायचंय. मिशीला पीळ देऊन तो संध्याकाळी गुरुजींच्या खोलीवर गेला.

गुरुजी दारात बसून तांदूळ निवडत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हटलं, काय रे? गवळ्याचे हात मागे गेले. थोरली, एवढंच तो म्हणाला. पोरांची घरची नावं गुरुजींना कुठे ठाऊक, त्यांना वाटलं हा लेकीबद्दलच विचारायला आलाय. घरी पाढे करून घेतोस का तिचे, त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. तुला तरी येतात का, गुरुजी म्हणाले, तेरचा म्हण बघू. आणि तो दांडगा, मिशाळ बाप्या भर रस्त्यावर उभा राहून तेरचा पाढा म्हणायला लागला. तेरा सातेपाशी अडला. गुरुजींनी पहिल्यापासून म्हणायला लावला. येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, कारण त्यांनाही तेरचा येत नव्हता.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय म्हणाले गुरुजी?

"उद्या चौदाचा म्हणायचाय," गवळी म्हणाला आणि पाय धुवायला गेला.

दुसऱ्या दिवशी गवळण स्वतःच उठली. शाळा ऐन रंगात आलेली असताना तिने रिकामी बादली गुरुजींच्या पुढ्यात नेऊन ठेवली. म्हणाली, ही दुपारची धार. गुरुजींनी वाकून आत पाहिलं. यात काही नाही, ते म्हणाले.

"तेच सांगतेय. तुम्ही ओरडता, ती दूध चोरते. आवाज तरी खाली आणा, नाहीतर शाळा दुसरीकडे न्या. ह्यांच्या तोंडून हे निघेपर्यंत तुम्ही ह्यांना तिसापर्यंत पाढे शिकवाल, तोवर आमच्या चुलीत मांजर झोपेल."

पोरं हसली. गुरुजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजवर कोणी त्यांना आवाज खाली आणायला सांगितलं नव्हतं, त्यात म्हशीसाठी तर नाहीच. पोरांच्या दोन रांगा करून ते तडक बाहेर पडले. दुसरं छप्पर शोधायला. सोनाराच्या ओसरीवर निम्मी पोरं मावली आणि निम्मी उन्हात उरली. सुताराच्या मांडवात फुफाटा होता. गोदामाची किल्ली ज्याच्याकडे तो माणूस लग्नाला गेला होता. अनवाणी पोरं तापलेल्या वाटेवर एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होती आणि गुरुजींचा सदरा पाठीला चिकटला होता. शाळा सुटायची वेळ व्हायच्या आत दोन्ही रांगा खाली माना घालून गोठ्यात परत आल्या. गवळणीने पाण्याचा हंडा पुढे सरकवला. हे तिचं मोठेपण, पण तोंड पदराआड करून ती हसली, हेही खरं.

अट ठरली. गोठ्यात बोलायचं ते म्हशीला चालेल अशा आवाजात.

पण गुरुजींकडे तसा आवाजच नव्हता. एक तर गर्जना, नाहीतर काही नाही. हळू बोलायला गेले की नुसते ओठ हलायचे आणि घशातून फुस्स असा वारा यायचा. शेवटी त्यांना शिकवायचं काम गवळ्याकडे आलं. बिचाऱ्याला घाम फुटला. विजार गुडघ्यापर्यंत सरसावून गुरुजी थोरलीच्या कुशीपाशी उकिडवे बसले, शेजारी गवळी.

"म्हणा, सोड गं बाय," गवळी चाचरत म्हणाला.

"सोड गं बाय," गुरुजी म्हणाले, आणि ते असं म्हणाले की थोरलीने लाथेसरशी बादली पार गव्हाणीपर्यंत उडवली.

"हुकूम नका करू, गुरुजी. तिला कळतं काय करायचं ते. आपण नुसती सोबत करायची. पुन्हा म्हणा."

'पुन्हा म्हणा' हे शब्द आपल्या तोंडून गुरुजींना उद्देशून निघाले, हे गवळ्याच्या ध्यानात आलं आणि त्याची बोबडी वळली. पण गुरुजींनी मुकाट्याने पुन्हा म्हटलं. त्या संध्याकाळी त्यांच्या पाठीला, मानेला आणि मानाला बऱ्यापैकी कळा लागल्या. आठवडाभर रोज शाळा सुटल्यावर ते तसे बसत. गवळी आधी हात मागे बांधून शिकवायचा, मग एक हात सुटला, मग दुसरा.

हळूहळू आवाज उतरला. पण उतरलेला आवाज पहिल्या रांगेपलीकडे पोचेना. मग गुरुजींना उठून पोरांत जाऊन बसावं लागलं. इतक्या जवळून त्यांनी पोरं कधी पाहिली नव्हती. ज्याला हसतोस काय म्हणून आजवर छड्या दिल्या, तो हसत नव्हता, त्याचे पुढचे दातच तसे होते. मागच्या ओळीतली एक पोरगी बेरीज करताना बोटं संपली की पायाची वापरत होती आणि म्हणून मांडी घालून बसत नव्हती. एकीच्या केसांना धुराचा वास होता, ती धाकट्यांचं रांधून यायची. नंबरही बारक्या आवाजात चालेनात. सत्तावीस म्हटलं की कोणी वळायचंच नाही, कारण तो आकडा पोरांच्या ओळखीचा होता तो ओरडलेला. मग गुरुजींनी विचारायला सुरुवात केली, घरी तुला काय म्हणतात? कोणी म्हणालं ढब्या, कोणी चिंगी, कोणी नुसतंच 'अगं ए'. गुरुजी ती नावं रात्री रांधताना घोकायचे. पाढ्यांपेक्षा ती जड गेली.

एकदा ढब्या वजाबाकीत अडकला. हातचा द्यायचा की घ्यायचा हे त्याला सुचेना आणि डोळ्यात पाणी आलं. गुरुजी त्याच्याजवळ टेकले आणि सवयीने त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "सोड, सोड गं बाय, सावकाश. कोणी मागं लागलंय का आपल्या." वर्ग हसून लोळला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण ढब्याची वजाबाकी जमली, आयुष्यात पहिल्यांदा, आणि पलीकडे बादलीत सरसर धार वाजायला लागली.

गोठा गप्प झाला तसं गाव मात्र घाबरलं. लांबच्या शेतातल्या लोकांना न्याहारीची वेळ कळेना. एक जण उपाशीपोटी औत हाकत राहिला आणि बांधावर भोवळ येऊन पडला तेव्हा त्याला कळलं की इतिहास होऊन गेला. गुरुजींचा घसा बसला, अशी बातमी पसरली. दुपारपर्यंत घसा गेला असं झालं आणि संध्याकाळी गुरुजी काही वाचत नाहीत इथवर मजल गेली. दारात काढ्यांच्या वाट्या येऊन पडल्या. गुरुजींनी त्या सगळ्या प्यायल्या, नाही कसं म्हणायचं, आणि रात्रभर पोट धरून बसले. मग ते चार जाणते लोक पुन्हा आले. त्यांची तक्रार होती की पोरं शाळेत हसतात. गुरुजी म्हणाले, हो, हसतात. यापुढे काय बोलायचं ते जाणत्यांना ठरवून यायचं राहिलं होतं, त्यामुळे ते दूध पिऊन गेले.

एकच गाठ सुटेना. ठकी.

आता गुरुजींना आपल्या नव्या आवाजाचा थोडा तोरा चढला होता. ज्या आवाजाला थोरली वश झाली, त्याला ही एवढीशी पोर होणार नाही? ते तिच्यापुढे बसायचे, साखर पेरल्यासारखे विचारायचे, सांग गं ठकी, दिवस मोठा केव्हा असतो? आणि त्याच दमात, उन्हाळ्यात नाही का गं बाय, असं म्हणून पुढे जायचे. ठकीचे ओठ हलायच्या बेतात यायचे आणि परत मिटायचे. परीक्षा जवळ येत चालली. घरी गवळी रोज विचारायचा, आज बोललीस का? बोललीस का नाही? बोल की पटकन. ठकी पारड्याच्या गळ्यात हात घालून बसायची. तोंडी परीक्षा झाली की तिच्यासाठी वेगळा विळा आणायचं त्याने बोलून दाखवलं, तेव्हा ती उठून परसात गेली.

शेवटी गुरुजी रुसल्यासारखे गवळणीकडे गेले. ती वैरण कापत होती, गवळी दाव्याला पीळ घालत होता. गुरुजींनी गाऱ्हाणं मांडलं. सगळी पोरं बोलती झाली, म्हैससुद्धा ऐकते, मग हिचंच काय अडलंय?

गवळणीने विळा थांबवला. "आवाज उतरलाय, गुरुजी. घाई कुठे उतरलीय?"

गुरुजींना कळलं नाही. मग तिने सांगितलं. ठकी बोलते, तिला वेळ लागतो. सकाळी विचारलं दूध हवं का, तर तोंड धुऊन, केस विंचरून झाले की हो म्हणते. जन्माला आली तीसुद्धा सगळ्यांचा अंत बघून. मी वाट बघते म्हणून माझ्याशी बोलते. दुसरं कोणी बघत नाही म्हणून दुसऱ्या कोणाशी बोलत नाही, यात कोडं कसलं.

"म्हशीची वाट बघता ना, कपाळ टेकवून? लेकीची बघायला काय होतं?"

हे तिने कोणाला विचारलं ते कळू नये अशी ती दोघांच्या मधे कुठेतरी बघत होती. गवळी एकाएकी दाव्याच्या गाठीत गुंतला. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि निघून गेले.

तोंडी परीक्षेच्या दिवशी उकाड्याने कहर केला होता. म्हशी जिभा काढून उभ्या होत्या. गुरुजी खुर्चीवर बसले आणि एकेकाला पुढे बोलावू लागले. गवळ्याने त्या दिवशी धार मुद्दाम लवकर काढायला घेतली. थोरलीच्या आड तो असा बसला की अलीकडून नुसती मुंडाशाची शेंडी दिसावी. त्याचा जीव टांगणीला लागला होता. शाळा बंद करेन असं बोलून तर बसला होता, पण त्या दिवशी परसात पाठमोरी उभी राहिलेली लेक त्याच्या डोळ्यापुढून हलत नव्हती. गवळण शेणाची टोपली घेऊन उगाच घुटमळत होती.

ठकी पुढे येऊन उभी राहिली. तिने हातांच्या मुठी वळल्या होत्या.

"पाऊस कुठून येतो, ठकी?" गुरुजींनी विचारलं, आणि थांबले.

थांबणं ही काय चीज आहे, ते त्या दिवशी गोठ्याने पाहिलं. ठकी समोरच्या खांबाकडे बघत होती. गुरुजींच्या ओठांवर उत्तर येऊन बसलं, ते त्यांनी गिळलं. पुन्हा आलं, पुन्हा गिळलं. त्यांच्या गळ्याची घाटी वरखाली व्हायला लागली. हात गुडघ्यांवर होते, त्यांनी गुडघे घट्ट धरले. ढब्याने बोट वर केलं, ते त्यांनी नुसत्या डोळ्यांनी खाली करवलं. घाम त्यांच्या कपाळावरून नाकावर, नाकावरून सदऱ्यावर पडला.  थोरलीच्या आड गवळ्याच्या मानेच्या शिरा फुगल्या. आता पोरगी पुन्हा नापास होणार, या धास्तीने त्याने 'बोल की' म्हणायला तोंड उघडलं, आणि गवळणीने मागून येऊन शेणाने भरलेला हात त्या तोंडावर, मिशीसकट, दाबून धरला. तो तसाच बसून राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

"समुद्राचं पाणी तापतं," ठकी म्हणाली. आवाज बारीक होता, पण नीट होता. "त्याची वाफ होते. ती वर जाते आणि गार होते. मग ढग होतात. ढग आपल्याकडे येईपर्यंत वेळ लागतो."

 गुरुजींनी दुसरा प्रश्न विचारला आणि थांबले. उत्तर आलं. तिसरा विचारला, थांबले. तेही आलं. तेरचा पाढा विचारला, तर तेरा सातेपाशी ती थबकली आणि सावकाश पुढे निघून गेली. शेणाच्या हाताखाली गवळी काहीतरी पुटपुटत होता. त्याच्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, पण ते शेणामुळे असेल असं त्याने नंतर सांगितलं.

पास, गुरुजी म्हणाले. वरच्या वर्गात. जा, बस जागेवर.

ठकी गेली नाही.

"अजून एक राहिलंय," ती म्हणाली.

"काय राहिलंय?"

"उत्तर. तुम्ही विचारलं होतं. मी शाळेत पहिल्यांदा आले त्या दिवशी. का रडतेस, म्हणून."

गुरुजींना आठवेना. पहिल्या दिवशी रडणाऱ्या प्रत्येक पोराला ते हेच विचारत आले होते, वर्षानुवर्षं, आणि विचारता विचारता पुढे जात आले होते. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली. मग का रडत होतीस, त्यांनी विचारलं, आणि वाट बघत राहिले. या वेळी सगळ्यात जास्त वेळ लागला.

"तुमच्या खुर्चीचा पाय माझ्या पायावर होता."

एक पोर हसलं आणि आपण एकटेच हसतोय हे कळल्यावर थांबलं. गुरुजींनी विचारलं, किती वेळ होता? ठकी म्हणाली, शाळा सुटेपर्यंत. तिने उजवा पाय थोडा पुढे केला. अंगठ्याचं नख वाकडं वाढलेलं होतं.

गुरुजी उठले. खुर्चीखाली कोणाचा पाय नव्हता, तरी त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलून पार भिंतीशी नेऊन ठेवली. परत येऊन ते ठकीपुढे सारवलेल्या जमिनीवर बसले. मान खाली घालून त्यांनी तो अंगठा नीट पाहिला. मग त्यांनी विचारलं, "अजून दुखतं का गं?"

ठकी विचार करायला लागली. गुरुजी वाट बघत बसले.